सोळा मागांची फीत

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते: मी कुजलेली नाही. माझ्याबद्दल तसं छापून आलं आहे. तीनशे रेकॉर्डच्या वेष्टनांवर, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. छापलेलं सगळं खरं असतं असं तुम्हांला शाळेत कुणी सांगितलं असेल, तर ते तेवढं माझ्यापुरतं विसरा.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. करंगळीच्या नखाएवढी रुंद, तपकिरी, लांबलचक पट्टी, ताटलीएवढ्या चक्रावर गुंडाळलेली. यंत्रावर चढवलं की मी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जाते. जाताना जे कानावर पडेल ते अंगावर धरून ठेवते आणि म्हणाल तेव्हा तेच परत ऐकवते. त्यात पदरचं काही घालत नाही. चाळीस वर्षं मी हेच इमानानं केलं, आणि त्याचं फळ म्हणजे ती बारीक अक्षरं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते बेळगावच्या खासबागेतलं घर. घर कसलं, पुढे दोन यंत्रमाग, मागे सोपा आणि माळ्यावर एक खोली. मालक मारुतीराव. त्यांची बायको बायाक्का. धाकटा मुलगा केदारी माग चालवायचा. थोरली मुलगी मंगल. तिला गल्ली आज मंगलआक्का म्हणते, तेव्हा नुसतं मंगल म्हणायची आणि वर कपाळावर हात मारायची. कारण ही मुलगी रेडिओ दुरुस्ती शिकून आली होती आणि माळ्यावर बसून डाळीच्या डब्यापासून मागापर्यंत दिसेल त्याचा आवाज माझ्यावर घेत होती.

गल्लीत सोळा माग होते. सगळे सुरू असले की शेजारच्याला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे. त्या आवाजाला सगळे वैतागलेले, आणि मंगल मात्र त्या आवाजाच्या प्रेमात. बंद पडलेल्या एका नाटक मंडळीकडून तिनं फीत वाजवायचं यंत्र घेतलं होतं. रेडिओ तपासायला एक पेटी असते, ती सूं असा एकसारखा सूर काढते. तसल्या तीन पेट्या तिनं जोडल्या. मागाचा आवाज ती निम्म्या वेगानं वाजवायची, उलटा वाजवायची, त्याच्याखाली पेटीचा सूर धरायची. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. तो धोटा संथ केला की देवळातल्या नगाऱ्यासारखा घुमायचा. मला तिनं दाढीच्या पत्तीनं कापलं आणि पुन्हा जोडलं, असं दोनशे वेळा तरी. ती नेहमी तिरकी कापायची आणि पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावायची. तिरकी कापली की जोड वाजताना कळत नाही. मला त्याचं दुःख नव्हतं. शिंप्याच्या हातचं कापड ओरडतं का?

मायक्रोफोन धरायला कोण होतं सांगू? केदारी. माग बंद ठेवून बहिणीसाठी तासतासभर उभा राहायचा. आप्पा, म्हणजे मारुतीराव, ओरडले तर म्हणायचा, मागावरची तार तुटली होती, धागा जोडत होतो. तेव्हा तो बहिणीसाठी खोटं बोलायचा आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. माणसाची सवय कुठं जाऊन पोचते ते मला काय ठाऊक?

आता त्या दिवसाचं सांगते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

सकाळचे अकरा वाजले होते. मंगलला सगळी गल्ली एकदम टिपायची होती. तिनं माळ्याच्या खिडकीत मायक्रोफोन ठेवला, मला सुरू केलं आणि खाली काहीतरी आणायला गेली. मारुतीराव चार दिवस दवाखान्यात होते. तिथून सायकलवर एक माणूस आला. त्यानं गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच घरी सांगितलं की मारुतीराव गेले.

आमच्या गल्लीत रीत अशी की कुणी गेलं तर मयत उचलेपर्यंत एकही माग चालायचा नाही. पहिलं घर थांबलं. मग दुसरं. बातमी घराघरातून पुढे सरकत होती आणि एकेक माग गप्प होत होता. सोळा, पंधरा, चौदा. शेवटी केदारीनं आपले दोन्ही बंद केले. इतकी शांतता त्या गल्लीत कामाच्या दिवशी कधी झाली नव्हती.

पण एक आवाज राहिला. मागच्या सोप्यात बायाक्का रहाटावर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरत होती. मागांच्या आवाजानं तिचे कान केव्हाच गेले होते. गल्ली थांबली हे तिला कळलंच नाही. पाठमोरी बसून ती रहाट फिरवत होती. कर्रर्, कर्रर्, मग कांडी बदलायला जरासं थांबणं, मग पुन्हा कर्रर्. दारात वीसेक माणसं जमली, पण सांगायला पुढे कुणी होईना. चार मिनिटं कुणी पुढे झालं नाही. त्या चार मिनिटांत ती विधवा होती आणि तिला ते माहीत नव्हतं. मग मंगलनं जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रहाट थांबला.

मी माळ्यावर चालूच होते. हे सगळं माझ्यावर उमटलं, अगदी हळू, कान देऊन ऐकलं तरच सापडेल इतकं. महिन्याभरानं मंगलला ते सापडलं. ती रडली नाही. तिनं दिवा लावला, पत्ती काढली आणि मला जोडून पूर्ण केलं. पहिल्या भागात सोळा माग सुरू होतात, दुसऱ्या भागात एकेक करून थांबतात, मग ती चार मिनिटं आणि अगदी शेवटी एक माग पुन्हा सुरू होतो. नाव दिलं, ‘सोळा माग’. रहाटाचं तिनं कुणाला सांगितलं नाही. ज्याला ऐकू येईल त्याला येईल, असा तिचा ताठा होता. बायाक्का पुढे दोन वर्षांनी गेली. तिचा फोटो होता, लुगडं होतं. आवाज फक्त माझ्याकडे होता.

शहापुरातल्या एका सभागृहात मला लोकांसमोर वाजवलं. पहिला भाग लोकांनी सोसला. दुसऱ्या भागातली चार मिनिटं आली तेव्हा दोघं जण फ्यूज बघायला उठले, करंट गेला म्हणून. बाकीचे हसले. पुढे एका परदेशी विद्यापीठातून पत्र आलं की अशा प्रकारचं संगीत करणाऱ्या पहिल्या काही माणसांत तुमचं नाव घ्यावं लागेल. मंगलनं ते पत्र माझ्याच डब्यात ठेवलं. मग एक कॅसेट कंपनीवाला आला. तो म्हणाला, सगळं छान आहे, फक्त ती शेवटाकडची रिकामी चार मिनिटं काढून टाकू. मंगलनं त्याला चहा पाजला आणि दार दाखवलं. केदारी तिथंच बसला होता. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. तो तिथंच बसला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तेव्हा त्याला थोडंफार ऐकू येत होतं.

मग मी डब्यात राहिले. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, आत सुती कापड. दर दिवाळीच्या आधी मंगलआक्का मला काढायची, एका चक्रावरून दुसऱ्यावर हळूच गुंडाळून घ्यायची आणि परत ठेवायची. म्हणून तर मी धड राहिले. लोक याला दुर्लक्ष म्हणतील, मी म्हणत नाही. तिनं लग्न केलं नाही, रेडिओ दुरुस्त करत राहिली, रेडिओ संपले तेव्हा टीव्ही. केदारीनं चाळीस वर्षं माग हाणले. आता त्याचे मागही भंगारात गेले आणि कानही गेले. माग विकले त्या दिवशी तो टेम्पोमागे गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला होता.

गेल्या वर्षी सौम्या आली. मूळची निपाणीची, बंगळूरला रेकॉर्ड काढणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करते. फोनवर एक वाक्य कन्नड, एक मराठी. तिला कुठंतरी माझ्या पहिल्या भागाची नक्कल मिळाली होती आणि ती वेड्यासारखी आम्हांला शोधत आली. मंगलआक्काचं नाव वेष्टनावर मोठ्या अक्षरांत येणार होतं. आणि खाली, ‘माग: केदारी’. हे सौम्यानं सांगितलं तेव्हा केदारीनं तिला दोनदा लिहून दाखवायला लावलं. त्याच्या मागांचं आता दुसरं काही उरलं नव्हतं, ते मला समजतं. तरीही.

एक अडचण होती. रेकॉर्डच्या एका बाजूला बावीस मिनिटं बसतात आणि माझा दुसरा भाग सव्वीस मिनिटांचा. सौम्यानं सांगितलं की दोन रेकॉर्ड काढता येतील, पण त्याला कंपनीत विचारावं लागेल, कदाचित वर्ष लागेल. आक्का म्हणाली, डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, आल्यावर बोलू. फीत तशीच दे, हात लावू नकोस, असं केदारीला बजावून ती दवाखान्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौम्या मला न्यायला येणार होती. सकाळी केदारीनं मला यंत्रावर चढवलं. चार मिनिटं काढायला आक्का नाही म्हणेल, मागं म्हणाली होती तशी, आणि हेही हातचं जाईल, हेच त्याच्या मनात होतं. चार मिनिटं आली. त्यानं कान लावला, त्याला काही ऐकू आलं नाही. त्यानं यंत्राचा आवाज दाखवणारा काटा बघितला, काटा पडलेला. विणकराच्या घरात थांबलेल्या मागाला एकच औषध, तार जोडायची आणि पुढे चालायचं. त्यानं माग साफ करायची जुनी कातरी घेतली, जिथं आवाज संपला तिथं सरळ कापलं, जिथं पुन्हा सुरू झाला तिथं सरळ कापलं आणि दोन्ही टोकं एकावर एक ठेवून साड्यांच्या खोक्याला लावायच्या चिकटपट्टीनं जोडली. बायाक्काच्या मुलानं बायाक्काला कापून काढलं, कारण त्याला ती ऐकू आली नाही. आणि त्याचे कान घेतले त्याच मागांनी, ज्यांनी तिचे घेतले होते.

दुपारी सौम्या आली. तिथली फीत खराब झाली होती, गळून पडत होती, काढावी लागली, असं त्यानं तिला सांगितलं. तिला वाईट वाटलं. तिनं ते वहीत टिपून घेतलं आणि मला पिशवीत घालून घेऊन गेली. संध्याकाळी दिवेलागणीला आक्का घरी आली, डोळ्यावर हिरवी पट्टी. तिनं पहिलं विचारलं, चार मिनिटांचं काय ठरलं. त्यानं तिलाही तेच सांगितलं. कुजली होती, म्हणाला.

आक्का पट्टी सावरत खाली बसली. मग म्हणाली, “मीच नीट ठिवली न्हाय म्हणायची.”

मित्रांनो, त्यानं हे ऐकलं. शब्द नसतील ऐकले, पण तिचं तोंड त्याला दिसत होतं. चाळीस वर्षं ज्या बाईनं दर दिवाळीला मला उलगडून जपलं, ती स्वतःला दोष देत होती, आणि हा समोर बसून चहा पीत होता. खोटं त्याचं, आळ माझ्यावर, आणि शिक्षा तिला. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी गप्प बसले नसते.

तीन महिन्यांनी, जानेवारीत, रेकॉर्डचं खोकं आलं. सोबत मीही परत आले, माझ्या डब्यात. आक्कानं वेष्टन हातात घेतलं. मोठ्या अक्षरांतलं स्वतःचं नाव तिनं वाचलंच नसावं. ती थेट मागच्या बारीक अक्षरांवर गेली: मूळ फीत काळाच्या ओघात कुजल्यामुळे दुसऱ्या बाजूचा काही भाग उपलब्ध नाही. तिनं मला बाहेर काढलं. डोळे आता चांगले झाले होते, पण तिनं ते मिटले आणि मला बोटांमधून सोडत गेली. तिचे स्वतःचे जोड येत गेले, तिरके, गुळगुळीत. मग तो आला. सरळ, जाड, गाठीसारखा.

तिनं केदारीला हाक मारली नाही, खांद्याला धरून समोर बसवलं आणि तो जोड त्याच्या बोटात दिला. त्याला वाचता यावं म्हणून सावकाश बोलली.

“कुजलेली फीत अशी सरळ तुटती व्हय रं?”

त्यानं तो जोड बोटांत फिरवला. मग म्हणाला की त्यात काही नव्हतंच, रिकामी होती, मी दोनदा ऐकलं. आक्कानं त्याला सांगितलं की त्यात आई होती. रहाट होता. आप्पा गेले त्या सकाळचा. हे तिनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं. केदारीचा चेहरा बघवेना.

“मग हे तू मला कवा सांगितलंस आक्का?” तो म्हणाला. “मी मायक धरून हुभा ऱ्हायचो की न्हाय? मला एकदा तरी सांगायचं होतंस.”

आक्कानं तो जोड त्याच्या बोटांतून सोडवला. मग कापलेला भाग कुठं टाकला ते विचारलं.

कापलेला भाग गेला होता हिंडलग्याला. आमच्याकडे रोज दूध घालायला भरमा येतो, त्याचं भात तेव्हा पिकायला आलं होतं आणि पाखरं पडत होती. अशी फीत शेतावर ताणली की उन्हात चमकते, वाऱ्यात गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. केदारीनं ती त्याला देऊन टाकली होती. बहीणभाऊ रिक्षानं हिंडलग्याला गेले. भात केव्हाच कापून झालं होतं. भरमानं बांधावर दाखवलं. बहुतेक भाग भाताच्या काडासोबत जळाला होता, काही उन्हानं सुरळी होऊन मातीत गेला होता. एका कळकाला गुंडाळून बांधलेला वेढा तेवढा उरला होता. वरचे पदर पांढरे पडले होते, पण आतल्या पदरांना ऊन लागलं नव्हतं. आक्कानं ते गुडघ्यावर बसून उलगडले. आठ फूट भरले असतील.

घरी येऊन तिनं ते कापसानं पुसले आणि यंत्रावर चढवले. केदारी जवळ सरकला. त्यानं आवाजाच्या पेटीवर तळहात ठेवला. आवाज कानाला लागला नाही तरी हाताला थरथर लागेल, या आशेनं. यंत्र सुरू झालं. आधी वाऱ्यानं आणि धुळीनं ओरखडलेली खरखर. मग त्याच्या आत, लांबून आल्यासारखा, रहाट. कर्रर्. कर्रर्. अकरा फेरे. मी मोजले, माझेच ते. बारा सेकंदांत संपले.

केदारीला हाताला काही लागलं नाही. इतका हळू आवाज हाताला लागत नाही. तो आक्काच्या तोंडाकडे बघत होता.

“हाय काय गं?” त्यानं विचारलं. “आई हाय काय त्यात?”

आक्कानं यंत्र बंद केलं.

“न्हाय,” ती म्हणाली. “काय न्हाय त्यात.”

तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. आक्कानं ते आठ फूट वेगळ्या चक्रावर गुंडाळले आणि माझ्या डब्यात, सुती कापडाच्या खाली ठेवले. केदारीवर मी तीन महिने धुमसत होते. त्याला अशी शिक्षा व्हावी असं मला वाटायला हवं होतं. पण आक्कानं, जिनं माझ्यावर खोटा एक सूर कधी ठेवला नाही, तिनं माझ्यासमोर खोटं सांगितलं आणि तेही माझ्याच नावानं. आता त्या घरात दोघं एकमेकांना जेवायला बोलावतात, भाजीत मीठ कमी आहे का विचारतात. बाकी काही विचारत नाहीत.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हांला सांगणार नाही. माझ्यासारख्या फिती तुमच्या घरात नसतीलही. पण कुणाचा तरी आवाज, कुणाचं तरी अक्षर कुठंतरी असेलच. ते काय आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, ऐकू न येणाऱ्यालाही. आणि तुमच्या हातून काही कापलं गेलं, मोडलं गेलं, तर ते त्याच दिवशी सांगा. वस्तूवर ढकलू नका.

एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी, हिरवी पट्टी बांधलेल्या आक्कानं पहिल्यांदा विचारलं आणि केदारी कुजली म्हणाला, तेव्हा माझा कापलेला भाग अजून शेतात गेला नव्हता. भरमा दूध घेऊन येणार होता दुसऱ्या दिवशी सकाळी. केदारीच्या पाठीमागे, दाराच्या खिळ्याला, नीट गुंडाळलेली, सगळं ऐकत, चारच्या चार मिनिटं तिथं टांगलेली होती.